रात्री भिजवा, सकाळी खा : चिया पुडिंग

सकाळी सातची शाळा असलेल्या घरात नाश्त्याला वेळ उरतच नाही. डबा भरायचा, वेण्या घालायच्या, दप्तर शोधायचे, तोवर रिक्षावाला दारात हॉर्न वाजवतो. मूल दोन बिस्किटे तोंडात टाकून पळते आणि त्याची अम्मी अकरापर्यंत चहावरच असते. पुढचे आम्ही वर्गात पाहतो. दुसऱ्या तासाला बाकावर डोके टेकवणाऱ्या, पोटात दुखते म्हणणाऱ्या मुलाला हळूच विचारावे, "बेटा, काय खाऊन आलास?" तर उत्तर बहुतेक वेळा येते, "काही नाही."

यावर "आणखी लवकर उठा" असे सांगणे सोपे आहे. पण ती वेळ पुन्हा त्याच बाईच्या झोपेतून जाते. म्हणून या महिन्यात आपण रात्रीच तयार होणारा, गॅसही न लागणारा पदार्थ घेऊ.

आधी एक घोटाळा दूर करू. चिया म्हणजे सब्जा नव्हे. फालुद्यात आणि शरबतात आपण घालतो तो सब्जा, कुणाकडे तुकमरिया तर कुणाकडे तुखमलंगा म्हणतात, तो तुळशीच्या जातीच्या झाडाचे बी. तो एकसारखा काळा असतो आणि पाण्यात पडला की दहा-पंधरा मिनिटांत फुलतो. चियाचे बी राखाडी, तपकिरी, पांढरे असे ठिपक्याठिपक्यांचे, गुळगुळीत आणि लांबट गोल असते. ते सावकाश फुगते, पण दूध धरून ठेवते. म्हणून त्याचे पुडिंग दाट बसते. सब्जाचे दाणे सुटे राहतात. दुकानात दोन्ही पुड्या शेजारी शेजारी असतात आणि एकीच्या जागी दुसरी हातात येते, म्हणून रंग पाहूनच घ्यावे.

चिया मूळचा मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडचा. अ‍ॅझटेक लोकांच्या राज्यात मका आणि घेवड्याबरोबर चियाही खंडणी म्हणून भरला जाई. सोळाव्या शतकातल्या कोडेक्स मेंडोझा या चित्रमय दप्तरात त्याची नोंद आहे. मेक्सिकोत आजही पाणी, लिंबू, साखर आणि चिया यांचे सरबत पितात, अगदी आपल्या सब्जाच्या शरबतासारखे. आता हे पीक कर्नाटकातले शेतकरीही घेतात.

साहित्य (चार वाट्यांसाठी)
तापवून गार केलेले दूध अर्धा लिटर, चिया ६ मोठे चमचे, बिया काढलेले मऊ खजूर ६ ते ७, वेलचीपूड पाव लहान चमचा, वरून घालायला हंगामातले फळ आणि थोडे बदाम किंवा शेंगदाण्याचे कूट.

कृती
खजूर थोड्या कोमट दुधात अर्धा तास भिजवून मिक्सरमध्ये बारीक करा. उरलेले दूध आणि वेलची मिसळा. मग चिया एका हाताने भुरभुरत, दुसऱ्या हाताने ढवळत घाला. दहा मिनिटांनी पुन्हा एकदा तळापासून ढवळा. ही दुसरी ढवळणी चुकवली तर बी खाली बसून गोळा होतो आणि वर नुसते दूध राहते. आता झाकणाच्या वाट्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवा. चार तासांत ते फिरनीसारखे दाटते. सकाळी फार घट्ट वाटले तर दोन चमचे दूध घाला, पातळ वाटले तर पुढच्या वेळी अर्धा चमचा चिया वाढवा.

फळ रात्री घालू नये, पाणी सुटते. सकाळी वरून आंबा, केळे, चिकू, डाळिंब जे असेल ते घाला. फळाशिवाय हे पुडिंग फ्रिजमध्ये तीन दिवस चांगले राहते. संध्याकाळी पाहुणे आले तर केशराच्या दोन काड्या आणि पिस्ते घालून हेच गोड म्हणून दस्तरख्वानवर मांडता येते.

ज्यांच्याकडे फ्रिज नाही किंवा रात्री वीज जाते, त्यांनी दूध घालून रात्रभर बाहेर ठेवू नये. सकाळी उठल्याबरोबर चिया थोड्या पाण्यात भिजवावा आणि अर्ध्या तासाने त्यात ताजे दूध व फळ घालावे. थोडे पातळ होते, पण पोट भरते.

आता फायद्यांविषयी, आणि मोजूनमापूनच. एका वाटीत सुमारे १८ ग्रॅम चिया येतो. त्यातून ६ ग्रॅमच्या आसपास तंतू, ३ ग्रॅम प्रथिने आणि शंभर मिलिग्रॅमहून थोडे जास्त कॅल्शियम मिळते, दुधाचे वेगळे. मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू हवेत, तेव्हा एका वाटीसाठी हे चांगलेच आहे. चियातले ओमेगा-३ जवसातही असते, त्यामुळे जवसाची चटणी खाणाऱ्या घराने आपण मागे पडलो असे मानू नये. चियाने चरबी वितळते, साखर बरी होते असे कुणी सांगितले तर त्यावर भरवसा ठेवू नका. सेहरीला हा पदार्थ सोयीचा आहे, कारण उठून फक्त वाटी उघडायची असते. पण त्याने दिवसभर तहान लागत नाही ही समजूत खरी नाही. पाणी प्यायलाच हवे.

एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. कोरडा चिया चमचाभर तोंडात टाकून वरून पाणी पिऊ नये. हे बी आपल्या वजनाच्या दहापट पाणी धरू शकते. अमेरिकेत एका माणसाने असे केले आणि बी अन्ननलिकेतच फुगून अडकले. डॉक्टरांना दुर्बीण घालून ते काढावे लागले. हे प्रकरण २०१४ साली तिथल्या पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेत मांडले गेले. म्हणून आधी पूर्ण भिजवायचे, मग खायचे. ज्या बुजुर्गांना गिळायला त्रास होतो, जे रक्त पातळ करण्याच्या, रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे. मधुमेह असेल तर खजूर दोनच घाला. सवय नसलेल्यांनी पहिल्या आठवड्यात अर्ध्या वाटीपासून सुरुवात करावी, नाहीतर पोट फुगते.

चिया महाग वाटला तर हट्ट नको. रात्री भिजवलेले पोहे-दूध-केळे किंवा ओट्सही हेच काम करतात. मुद्दा बियांचा नाही, रात्रीच्या दहा मिनिटांचा आहे.

आणि ती दहा मिनिटे कुणाची, हेही घरात ठरवा. या कामाला विस्तव लागत नाही, सुरी लागत नाही. खजूर वाटून दिला की बाकीचे दहा वर्षांचे मूल करू शकते, मुलगी तशी मुलगाही. अब्बांनाही ढवळता येते. वाट्या भरताना घरातली माणसे मोजा आणि त्यात अम्मीची वाटी आधी धरा. सगळ्यांच्या उरल्यातून ती खाणार असेल, तर सकाळी तिच्या वाट्याला पुन्हा चहाच येईल.