सीट अडवणाऱ्या मुली

ऐन सबमिशनच्या आठवड्यात माझ्या रूम पार्टनरला नागीण झाली. डॉक्टरांनी असायक्लोव्हिरच्या ८०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या, दिवसातून पाच वेळा. आठवण करून द्यायचं काम अर्थातच माझ्याकडे! नेमका तेव्हाच सेमिनारचा विषय द्यायचा होता. म्हटलं, हीच गोळी घेऊ. लायब्ररीत शोधत गेलो आणि गर्ट्रूड एलिऑन या बाईंपाशी येऊन थांबलो.

एलिऑनबाई न्यूयॉर्कच्या. त्या पंधरा वर्षांच्या असताना आजोबा कॅन्सरने गेले आणि त्यांनी केमिस्ट्री करायचं ठरवलं. १९३७ साली हंटर कॉलेजमधून उत्तम मार्कांनी पदवी घेतली. पुढच्या शिक्षणासाठी पंधरा ठिकाणी आर्थिक मदत मागितली, मिळाली एकाही ठिकाणी नाही. एका इंटरव्ह्यूमध्ये तर ऐकवलं गेलं, की लॅबमध्ये बाई आली तर बाकीच्यांचं लक्ष विचलित होईल. मग शाळेत शिकवत, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी प्रयोग करत त्यांनी १९४१ मध्ये मास्टर्स पूर्ण केलं. नोकरी कसली मिळाली? लोणच्याचा आंबटपणा तपासायची आणि मेयॉनेजसाठीच्या अंड्याच्या बलकाचा रंग बघायची!

१९४४ मध्ये बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्याकडे काम मिळालं. त्यांची कल्पना आपल्या भाषेत सांगायची तर अशी: पेशीला वाढायचं तर डीएनए बांधावा लागतो, म्हणजे विटा लागतात. मग हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या विटा पुरवल्या तर? बांधकामच ठप्प! एलिऑनबाईंनी प्युरिनच्या रेणूत ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवलं आणि ६-मर्कॅप्टोप्युरिन तयार झालं. १९५३ मध्ये ते लहान मुलांच्या ल्युकेमियासाठी मंजूर झालं आणि आजही इतर औषधांबरोबर दिलं जातं. याच वाटेवर किडनी प्रत्यारोपणात लागणारं अझाथायोप्रिन आलं, गाऊटवरचं अ‍ॅलोप्युरिनॉल आलं. आमच्या रूममधली गोळी तर भन्नाटच. ती खोटी वीट मुख्यतः व्हायरसचं स्वतःचं एन्झाइमच चालू करतं, त्यामुळे निरोगी पेशींना फारसा धक्का लागत नाही. हे कसं घडतं, ते एलिऑनबाईंच्या चमूने उलगडलं.

या सगळ्यात पीएच.डी. मात्र राहूनच गेली. नोकरी सोडून पूर्णवेळ या, असं कॉलेजने सांगितलं तेव्हा त्यांनी नोकरी निवडली. १९८८ मध्ये नोबेल मिळालं, हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर.

इथे 'जिद्द असेल तर मार्ग निघतोच' असं म्हणून टाळ्या घेता आल्या असत्या. पण मला ते पटत नाही. एलिऑनबाईंना लॅबचं दार उघडलं, कारण दुसरं महायुद्ध चालू होतं आणि पुरुष सैन्यात गेले होते. युद्ध झालंच नसतं तर? कदाचित त्या बलकाचा रंगच बघत बसल्या असत्या. आपल्याकडेही १९३३ मध्ये कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना बंगलोरच्या इन्स्टिट्यूटमध्ये मुलगी म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला होता. त्या हटून बसल्या म्हणून मिळाला, तोही वर्षभराच्या अटीवर. ज्या हटून बसू शकल्या नाहीत, त्यांची नावं आपल्याला माहीतच नाहीत.

आता कबुली. मागच्या महिन्यात आमच्या वर्गातल्या एका मुलीला कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये पहिलाच प्रश्न आला, "लग्नाचं काय ठरलंय?" तिने हे मेसमध्ये सांगितलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बरोबरच आहे, मुली उगाच सीट अडवतात." सगळे हसले. मीही हसलो.

मित्रांनो, आपल्यातले किती जण चार वर्षं केमिकल शिकून सॉफ्टवेअरला जातात? किती जण बँकेच्या परीक्षा देतात? त्यांना कुणी म्हणतं का, सीट अडवली म्हणून? सीट वाया जाते ती बऱ्याचदा असा प्रश्न विचारणाऱ्यामुळे, आणि त्यावर हसणाऱ्यांमुळेही. उद्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत आपल्यापैकीच कुणी बसणार आहे.

पार्टनर बरा झाला, सेमिनारही झाला. त्या मुलीला मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "मला नको. पुन्हा मेसमध्ये कुणी तसं बोललं, तर तिथे बोल."

- तृतीय वर्ष, केमिकल