बारीक माणसालाही डायबेटिस का होतो? उत्तराचा धागा पुण्याजवळच्या सहा गावांत

“अंगावर मांस नाही, याला कुठली आलीय शुगर?” आपल्याकडे हे सर्रास ऐकू येतं. आणि मग बारीक माणूस तपासणीच करत नाही.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखंच : २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के!

हा फरक येतो कुठून?

याज्ञिक यांच्या टीमने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोच्या आसपास. पण आपल्या बाळांमध्ये कमी होते ते मुख्यतः स्नायू. चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला किरकोळ, आतून चरबीदार.

पोटात बाळ असताना आईच्या ताटात काय होतं, याचाही हिशेब निघाला. ज्या आयांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला नीट दाद देत नव्हतं. सहा वर्षांच्या पोराने कुठली चुकीची लाइफस्टाइल निवडली असणार?

मग जनुकांचं काय?

आई-वडिलांना डायबेटिस असेल तर मुलांचा धोका वाढतो, हे खरंच. पण २०२३ च्या आयसीएमआरच्या पाहणीत उत्तर प्रदेशात डायबेटिसचं प्रमाण ४.८ टक्के निघालं, तर गोव्यात २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. एवढी मोठी तफावत एकट्या जनुकांच्या माथी मारता येत नाही. खाणं, बैठं काम, शहरी राहणी हे सगळं त्यात येतं.

आणि जन्माआधी लिहिलेलं पुसता येत नसलं, तरी पुढचं थोडंफार बदलता येतं. डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांवरचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि व्यायाम सुधारलेल्यांचा धोका तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी घटला होता, जवळपास मेटफॉर्मिनच्या गोळीइतकाच.

वजनकाट्यासोबत टेपही काढा. भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच जास्त धरतात, युरोपीय लोकांसारखा २५ पासून नाही. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या पुढे गेली, तर बारीक हातपाय बघून शुगरची तपासणी टाळू नका.