पाटी कुणाच्या नावाची?

चंदीगडला पहिल्यांदा गेलेला मराठी माणूस चौकात उभा राहिला की थोडा गोंधळतो. आपल्याकडे बोळाच्या तोंडाशीसुद्धा कुणा ना कुणा दिवंगत नगरसेवकाच्या नावाची कमान असते. तिथे मोठे रस्ते कोणते, तर मध्य मार्ग, दक्षिण मार्ग, जन मार्ग, हिमालय मार्ग, उद्यान पथ, विज्ञान पथ. वस्त्यांना नुसते आकडे. माणसाचं नाव शोधावं लागतं.

हे आपोआप घडलेलं नाही. शहराचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्बुझिए यांनी नागरिकांसाठी एक जाहीरनामाच लिहून ठेवला आहे. शहरात किंवा बागांमध्ये व्यक्तींचे पुतळे उभारायचे नाहीत, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. कुणाचं स्मरण करायचंच असेल, तर योग्य जागी ब्राँझची पाटी लावावी, बस्स! वाचून मला तरी हेवा वाटला. अर्थात नावं काही थांबली नाहीत. टागोर थिएटर झालं, लजपतराय भवन झालं, गुलाबांच्या मोठ्या बागेला डॉ. झाकिर हुसेन यांचं नाव मिळालं. विमानतळाच्या नावावरून पंजाब आणि हरियाणाची कित्येक वर्षं ओढाताण चालली आणि अखेर 2022 साली शहीद भगतसिंग हे नाव लागलं.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या घरातलंच आहे. माझे मोठे दीर सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मुलाची नोकरी चंदीगडला, म्हणून सातारा सोडून तेही तिकडेच राहिले. संध्याकाळी बागेत त्यांचा निवृत्तांचा अड्डा जमतो. त्यात शीख सुभेदार, हिमाचलचे हवालदार, हरियाणाचा एक नायक आणि आमचे भाऊजी. अलीकडे तिथे एकच वाद पेटला आहे. आपण जिथे औषधं घ्यायला जातो त्या माजी सैनिकांच्या दवाखान्याला कुणाचं तरी नाव असावं की नाही? आणि असलं तर कुणाचं?

या दवाखान्यांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण ज्या घरात फौजी नाही तिथे ही माहिती नसते. 1 एप्रिल 2003 रोजी माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. सगळे तिला ई.सी.एच.एस. म्हणतात. निवृत्त होताना एकदाच ठरावीक रक्कम भरायची, की पुढे आयुष्यभर स्वतःला, पत्नीला आणि अवलंबून असलेल्यांना उपचार मिळतात. त्याआधी निवृत्त जवानाला लष्करी रुग्णालयाचाच आधार, आणि ते जवळ असेल तर! सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवरून पुण्याचं कमांड हॉस्पिटल गाठायचं म्हणजे दिवस मोडायचा. आज देशभरात या योजनेचे चारशेहून जास्त दवाखाने आहेत. पॉलिक्लिनिक हा त्यांचा अधिकृत शब्द. तिथे कार्ड दाखवायचं, नंबर लावायचा, डॉक्टरांना दाखवायचं, खिडकीवर औषध घ्यायचं. आजार मोठा असेल तर तिथून चिठ्ठी घेऊन योजनेतल्या खासगी रुग्णालयात जायचं. बहुतेक कर्मचारी करारावरचे असतात आणि त्यांत पुष्कळसे स्वतःच माजी सैनिक असतात. खिडकीच्या दोन्ही बाजूंना फौजीच!

हे दवाखाने सहसा गावाच्या नावानंच ओळखले जातात. भाऊजींच्या अड्ड्यावर मात्र तीन पक्ष पडले आहेत. पहिल्याला परमवीरचक्र मिळवणाऱ्याचं नाव हवं. कॅप्टन विक्रम बत्रा चंदीगडच्याच डी.ए.व्ही. कॉलेजात शिकले, हा त्यांचा मुद्दा. दुसऱ्याला मंत्र्याचं नाव हवं, म्हणजे निधी येतो म्हणे. तिसऱ्या पक्षात आमचे भाऊजी एकटे. पूर्वी कचेरीत एक साधे अधिकारी होते. विधवांच्या पेन्शनचे अडकलेले कागद ते स्वतः घेऊन टेबलाटेबलावरून हिंडायचे. त्यांचं नाव द्या, असं भाऊजींचं म्हणणं.

‘‘अगं, शूरांची नावं सेक्टर तीनच्या युद्धस्मारकावर आहेतच,’’ फोनवर ते मला सांगत होते. ‘‘आठ हजारांवर आहेत. दवाखाना ही लढायची जागा नाही, सांभाळायची जागा आहे. ज्यानं सांभाळलं त्याचं नाव नको?’’

मागून जाऊबाईंचा आवाज आला, ‘‘तिला म्हणावं, आधी तिथे बाकं वाढवायला सांग. गुडघे धरून उभं राहावं लागतं.’’

मला दोघांचंही पटलं. पण विचार करताना जाणवलं, की भाऊजींचं म्हणणं दिसतं तेवढं भाबडं नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांचं फार मोठं सरकारी जाळं आहे. तिथला कायदा सांगतो, की अशा इमारतीला ठिकाणाचंच नाव असावं. व्यक्तीचं द्यायचं तर संसदेनं त्यासाठी वेगळा कायदा करायला हवा. म्हणजे एका पाटीसाठी एक कायदा! अटलांटाच्या रुग्णालयाला मॅक्स क्लेलंड यांचं नाव अशाच रीतीनं मिळालं. क्लेलंड त्याच जॉर्जिया राज्यातले. 1968 साली व्हिएतनाममध्ये त्यांचे दोन्ही पाय आणि उजवा हात गेला. 1977 ते 1981 या काळात देशभरातल्या माजी सैनिकांचं खातं त्यांनीच चालवलं, पुढे सिनेटर झाले. अशा नावाला कोण आक्षेप घेणार?

आपल्याकडे रुग्णालयांची जुनी नावं बहुधा दात्यांची आहेत. ससून, जे. जे., वाडिया. पैसा दिला, नाव लागलं, व्यवहार स्वच्छ. मुंबईच्या नायर रुग्णालयाला दात्यानं स्वतःच्या आईचं नाव दिलं. त्या ‘बी. वाय. एल.’ मधल्या यमुनाबाई आज कुणाला माहीत आहेत? पण तो पैसा घरचा होता. सरकारी पैशातून चाललेल्या दवाखान्यावर नाव लिहिताना प्रश्न वेगळा होतो. पंजाबातच बघा. राज्यानं आरोग्य केंद्रांना ‘आम आदमी क्लिनिक’ म्हटलं, केंद्राला आपलं नाव हवं होतं, आणि त्या ओढाताणीत आरोग्य मोहिमेचा निधी अडकून पडला. नावापायी औषधाचे पैसे अडावेत, यापरता वेडेपणा नाही.

लोकसेवकाच्या नावाची एक गोष्ट मात्र आपल्या मुंबईतच घडली आहे, आणि तिचा एक धागा पंजाबात आहे. डॉ. हाफकिन यांनी 1897 साली मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. परळला त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. 1902 च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेली 19 माणसं धनुर्वातानं गेली. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. चौकशीत दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांचं पद गेलं. पुढे साक्षीपुरावे नीट वाचणाऱ्यांच्या ध्यानात आलं, की बाटली गावात उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला. मलेरियाच्या प्रसाराचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूनं जाहीरपणे उभे राहिले. 1907 साली हाफकिन दोषमुक्त झाले. तोवर पाच वर्षं गेली होती. परळच्या संस्थेला त्यांचं नाव लागलं ते 1925 साली, ते हयात असताना.

मला या गोष्टीतली ती मधली वर्षं महत्त्वाची वाटतात. नाव देण्याआधी कुणीतरी कागद पुन्हा काढून तपासले होते. आपल्याकडे हेच होत नाही. नेता गेला की तेराव्याच्या आत ठराव, महिन्यात पाटी. त्या माणसानं त्या जागेसाठी काय केलं, हे विचारणं म्हणजे जणू अपमान!

तुम्ही म्हणाल, चंदीगडला थोर लोकसेवक नव्हते का? होते की. महिंदरसिंग रंधावा हे आय.सी.एस. अधिकारी शिक्षणानं वनस्पतिशास्त्रज्ञ. फाळणीनंतर पंजाबात निर्वासितांच्या पुनर्वसनाचं काम त्यांनी सांभाळलं. चंदीगडच्या रस्त्यांवर कुठे कोणतं फुलझाड लावायचं, हे ठरवण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि 1966 साली ते शहराचे पहिले मुख्य आयुक्त झाले. बहावा फुललेला पाहिला की हात जोडावेसे वाटतात. पण म्हणून त्यांचं नाव सैनिकांच्या दवाखान्याला द्या, असं मी म्हणणार नाही. त्यांचं नाव बागेत, सभागृहात शोभतं. दवाखान्याशी ज्याचा संबंध, त्याचंच नाव दवाखान्याला हवं.

म्हणून भाऊजींना मी सुचवलं, की अर्ज लिहायचाच तर नुसतं ‘अमुक यांचं नाव द्यावं’ असं लिहू नका. त्या अधिकाऱ्यांनी कुणाकुणाचे कागद सोडवले, त्या बायकांकडून दोन-दोन ओळी लिहून घ्या, गुरुमुखीत, हिंदीत, ज्या भाषेत येतील त्या. त्यांच्या घरच्यांची परवानगी घ्या. दवाखान्याचं गावाचं नाव बदलायला सांगू नका, कार्डावर, चिठ्ठीवर, बिलावर तेच छापलेलं असतं आणि ते बदललं की घोळ म्हाताऱ्यांनाच निस्तरावा लागेल. मागायची ती फक्त एक ब्राँझची पाटी, औषधाच्या खिडकीशेजारी, वाचता येईल इतक्या उंचीवर. कॉर्बुझिएसाहेबांचीही हरकत नसावी.

भाऊजी म्हणाले, ‘‘आणि बाकं?’’

मी म्हटलं, त्याच अर्जात, पहिल्या कलमात घाला. जाऊबाईंची सही त्यावर सर्वांत आधी घ्या.