ज्ञान गावाचे, अहवाल कोणाचा?

ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदरापाठोपाठ रस्ते येतील, हॉटेले येतील आणि डहाणू-तलासरीच्या पर्यटन विकासाचे आराखडेही येतील. असे आराखडे बहुधा सल्लागार संस्था तयार करतात. सल्लागार गावात येतात, भगताला, धवलेरीला, घोलवडच्या चिकू बागायतदाराला प्रश्न विचारतात आणि सरकारदरबारी इंग्रजी अहवाल सादर करून निघून जातात. ज्यांनी माहिती दिली, त्यांच्या हाती त्यातले एक पानही लागत नाही. पुढचा सल्लागार पुन्हा तेच प्रश्न घेऊन येतो.

प्रश्न केवळ कागदांचा नाही. वारली घरात लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते आणि धवलेरी गीते गाऊन विवाह लावते. ही पूजा आहे. तिचा अर्थ गावात विचारून आराखडा तपासला नाही, तर उद्या ती देवता उपाहारगृहाच्या भिंतीवरची नक्षी होईल.

तज्ज्ञांचे ज्ञान लोकांच्या उपयोगी कसे पडते, याचा दाखलाही डहाणूतच आहे. १९९१ मध्ये केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक घोषित केला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेच्या शिफारशींची अंमलबजावणी करण्याचा आदेश दिला आणि न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. तो अहवाल कपाटात पडून राहिला नाही. तलासरीत माधवराव काणे यांनी तर वनवासी बांधवांमध्ये राहूनच त्यांचे जीवन जाणले आणि त्या जाणिवेतून काम उभे केले.

कायदाही गावाच्या बाजूने आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात विकास योजना राबवण्यापूर्वी ग्रामसभेची मान्यता लागते. पण इंग्रजी अहवालाला ग्रामसभा समजून-उमजून मान्यता कशी देणार? जैवविविधतेची नोंदवही लोकसहभागातून तयार होऊ शकते, तर पर्यटनाच्या आराखड्याचेच वावडे का?

म्हणून शासनाने सल्लागारांच्या करारातच अट घालावी : अहवाल मराठीत द्यावा, ग्रामसभेत वाचून दाखवावा, त्याची प्रत ग्रामपंचायतीत कायम ठेवावी आणि त्यानंतरच अखेरचे देयक मिळावे. ज्या समाजाने हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्याला आपल्याच भूमीत केवळ माहिती पुरवणारा ठरवू नये. पाहुण्यांचे स्वागत तो आनंदाने करील. घराची मालकी मात्र त्याच्याकडेच राहिली पाहिजे.