पाण्याचा रेणू वाकडा का?

मराठीत पाणी म्हणा, कन्नडमध्ये नीरु म्हणा. त्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे दोन अणू असतात, हे आपल्या घरातली शाळकरी मुलंही सांगतात. पण कार्बन डायऑक्साइडचे तीन अणू सरळ रेषेत, तर पाण्याचे वाकडे, असं का?

हैदराबादला चिक्कडपल्लीत माझी बहीण राहते. तिथलं सिटी सेंट्रल लायब्ररी स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी गजबजलेलं असतं. भाची इंटरला आहे. गेल्या खेपेला ती रेणूंच्या आकारांचा तक्ता घोकत होती. "मामा, आज पाठ केलं की उद्या विसरतं," म्हणाली.

मी फुगे आणवले. दोन फुग्यांची तोंडं एकत्र बांधली, ते विरुद्ध दिशांना गेले. तीन बांधले, त्रिकोण झाला. चार बांधले, तर चौघे चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळले. अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉन-जोड्या अशाच एकमेकींपासून दूर सरतात. सिजविक आणि पॉवेल यांनी १९४० मध्ये ही कल्पना मांडली, गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ मध्ये तिचे नियम बांधले.

मिथेनमध्ये चारही जोड्या बंधात गुंतलेल्या, म्हणून कोन १०९.५ अंश. अमोनियात एक जोडी एकाकी, कोन १०७. पाण्यात एकाकी जोड्या दोन, कोन १०४.५. बंधातल्या जोडीला दोन्हीकडचे अणू ओढून धरतात. एकाकी जोडीला एकच, म्हणून ती ऐसपैस पसरते. पंगतीत एकजण मांडी पसरून बसला की शेजाऱ्यांना अंग चोरावं लागतं ना, तसंच!

कार्बन डायऑक्साइडचं उत्तर मग भाचीनंच दिलं: कार्बनवर एकाकी जोडी नाही, दोन्ही ऑक्सिजन समोरासमोर, म्हणून सरळ. हा नियम सगळीकडे चालत नाही. लोह-तांब्यासारख्या धातूंच्या संयुगांत तो अनेकदा फसतो. पण पाण्याचं वाकडेपण मोलाचं आहे. रेणू सरळ असता तर त्याच्या दोन बाजूंचा विद्युतप्रभाव एकमेकांना छेदून गेला असता, आणि मीठ पाण्यात इतकं सहज विरघळलं नसतं.

संध्याकाळी भाचीनं हे सारं तिच्या कन्नड आजीला, बहिणीच्या सासूबाईंना, कन्नडमध्ये समजावून सांगितलं. आपली मुलं घरी दोन भाषा बोलतात आणि विज्ञान तिसरीत शिकतात. इंग्रजी नावं पाठ होतात, कारण मात्र हातून निसटतं. वाचकहो, सुट्टीत मुलांना चार फुगे आणून द्या. आणि मग मराठीत वा कन्नडमध्ये, त्यांच्याकडून पाण्याची गोष्ट ऐका.