झाडं लावा, हिशेब विचारू नका

पाच जूनला, पर्यावरण दिनी, महाविद्यालयांत काय घडतं, हे सांगायला नको. खड्डा, रोप, झारी, पाहुणे, फोटो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात हरित परिसर, पर्जन्यजल संधारण, कचरा व्यवस्थापन, ग्रीन ऑडिट या सगळ्यांची दखल घेतली जाते, म्हणून फोटो जिओटॅग केलेलाच लागतो. मार्चमध्ये ते रोप जिवंत आहे का, हे बघायला मात्र कोणी अक्षांश-रेखांश शोधत जात नाही.

यावर टीका केली की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: आमच्याकडे विद्यार्थ्यांचा सहभाग भरपूर आहे. आहेच. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर असतं. शिबिरातली मुलं बंधारे घालतात, गावं झाडतात, आणि ते काम खोटं नसतं. पण स्वतःच्याच परिसराचा प्रश्न आला, की त्यांच्या वाट्याला फक्त कुदळ येते. कुठे काय लावायचं, बोअरवेलमधून किती पाणी उपसायचं, नव्या इमारतीसाठी कोणती झाडं पाडायची, हे ठरतं तेव्हा ती खोलीत नसतात. श्रम मुलांचे, निर्णय कार्यालयाचा आणि प्रमाणपत्र दोघांनाही, अशी ही वाटणी आहे.

ग्रीन ऑडिटचंही तेच. बाहेरची संस्था येते, अहवाल देते, तो बांधून नॅकच्या फाइलीत जातो. ज्यांच्या वसतिगृहातल्या नळांवर तो लिहिला, त्या मुलांनी तो पाहिलेला नसतो.

दुसरा आक्षेप जास्त खमंग आहे: मुलंच उधळी आहेत, पंखे चालू ठेवतात, ताटात टाकतात, आणि चालले निर्णय घ्यायला! टाकतात, खरं आहे. पाचशे मुलांच्या वसतिगृहात प्रत्येकाने एका जेवणात शंभर ग्रॅम टाकलं, तर दोन वेळचं मिळून रोज शंभर किलो होतं. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांनी ‘मोठा कचरानिर्माता’ ठरवताना रोजच्या शंभर किलोंचीच रेघ आखली होती, आणि त्यात विद्यापीठं, वसतिगृहंही धरली होती. पण हे अन्न वाया का जातं, हे मेसमध्ये जेवणाऱ्याला विचारा. खाडे कापले जात नाहीत, म्हणून गावी जाताना कोणी कळवत नाही. कोणी कळवत नाही, म्हणून स्वयंपाक अंदाजपंचे होतो. पोळ्या गार झाल्या की उरतात, आणि उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी नाव बदलून आली की तीही उरते. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ असा फलक लावून यातलं काहीही सुधारत नाही. आदल्या रात्री खाडा नोंदवला तर पैसे परत, एवढा एक नियम मेस समितीत मुलांना करू द्या आणि महिनाभर बादली तोला. मुलांच्या बेशिस्तीपेक्षा व्यवस्थेतला दोषच मोठा निघेल, असं माझं मत आहे. उधळेपणाचा आरोप करणाऱ्यांनी निदान तराजू तरी आणावा.

तिसरं म्हणणं असं, की मुलं तीन वर्षांची पाहुणी आहेत, दीर्घकाळच्या कामाला ती काय पुरणार? महाराष्ट्रात कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची असते. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण एकाच परिसरात घेणारा मुलगाही तिथे पाचच वर्षं काढतो, आणि पीएच.डी. करणारा तर कुलगुरूंपेक्षा जास्त. माणसं बदलतातच, टिकतात त्या नोंदी.

याचा दाखला हैदराबादने दिला. ३० मार्च २०२५ रोजी हैदराबाद विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावलीच्या ४०० एकरांत बुलडोझर घुसले. विद्यार्थी आडवे आले, पोलिसांनी त्यांना धरून नेलं. ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली. जमीन सरकारची की विद्यापीठाची, हा वाद जुना आहे. न्यायालयाने तो न उकरता परवानग्या घेतल्या होत्या का, असं विचारलं. ‘ही नुसती पडीक जमीन’ या सरकारी सुराला उत्तर द्यायला विद्यार्थी आणि पक्षिनिरीक्षकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी हाताशी होत्या: दोनशेहून अधिक जातींचे पक्षी, हरणं, तारांकित कासव. त्यातली कित्येक मुलं एव्हाना पदवी घेऊन निघूनही गेली असतील. त्यांच्या याद्या मागे राहिल्या आणि कामी आल्या.

मग चौथा आक्षेप येतो, आणि खरी भीती तीच आहे: हे राजकारण झालं. झालंच. मुंबईत ४ ऑक्टोबर २०१९च्या रात्री आरे कॉलनीत करवती चालल्या, तेव्हा कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि ७ तारखेला न्यायालयाने तोड थांबवली. तोवर दोन हजारांवर झाडं पडली होती. रोपाला पाणी घालणं ही सेवा आणि पाडलेल्या झाडाबद्दल विचारणं हे राजकारण, हा भेद कार्यालयांच्या सोयीचा आहे, आणि बाकी कोणाच्याच नाही. महाराष्ट्रात तर २०१६च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुकांची तरतूद केली. २०१९ मध्ये त्या व्हायच्या होत्या, त्या लांबणीवर टाकल्या गेल्या. निवडून आलेला प्रतिनिधीच नाही, तर वीजबिलाबद्दल विचारणार कोण?

करायचं काय, हेही कोणी सांगून ठेवलेलं नाही असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला. त्यातला ‘प्रकल्प’ झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो, हे शिक्षकांनाही ठाऊक आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५साठी पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने सुचवलं होतं, की विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून देशाच्या पर्यावरणाची सर्वांना खुली माहिती उभी राहावी. शाळांसाठीची ही सूचना विद्यापीठांना तर अधिकच लागू आहे. प्रत्येक तुकडीने आपल्या परिसराचं पाणी, वीज, कचरा आणि झाडं मोजावी, पुढच्या तुकडीने तीच वही पुढे चालवावी, त्या कामाला श्रेयांक मिळावेत. आकडे मेसच्या दारावर लागावेत, आणि बांधकामाचा निर्णय घेणाऱ्या समितीत दोन विद्यार्थी असावेत, मताच्या अधिकारासह. यात नवा पैसा जवळजवळ लागत नाही. लागते ती बिलं दाखवण्याची तयारी.

ती तयारी नसेल, तर विद्यार्थ्यांनो, वाट बघू नका. आपल्या सरकारी किंवा अनुदानित संस्थेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे गेल्या बारा महिन्यांची वीज आणि पाण्याची बिलं, तोडलेल्या झाडांच्या परवानग्या आणि शेवटचं ग्रीन ऑडिट माहितीच्या अधिकाराखाली मागा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, आणि अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.