रोमन आकड्यांचा तक्ता पुरे, मुलांना दगडावरचं साल वाचू द्या

जामुलच्या सिमेंट कारखान्याजवळ आमच्या वस्तीत मी संध्याकाळी शाळकरी मुलांचं गणित घेते. रोमन आकडे आले की दरवर्षी तोच तक्ता: आय १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५००, एम १०००. मुलं तो घडाघडा म्हणतात आणि नववीच्या दारावरचा ‘आयएक्स’ अकरा म्हणून वाचतात. यात मुलांचा दोष नाही. तक्ता पाठ करून घेणं म्हणजे शिकवणं नव्हे.

मी मुलांपुढे गेटवे ऑफ इंडियाचा फोटो ठेवते. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबरला मुंबईत उतरले, ते साल कमानीवर ‘एमसीएमएक्सआय’ असं कोरलेलं आहे. उजवीकडून सुरुवात करायची. आयचा १. एक्स मिळवला, ११. एम मिळवला, १०११. मग सी येतो. तो उजवीकडच्या एमपेक्षा लहान, म्हणून वजा, ९११. उरलेला एम मिळवा: १९११. उजव्या शेजाऱ्यापेक्षा लहान असेल तर वजा, नसेल तर मिळवा, एवढंच. असं साल एकदा स्वतः उलगडलं की आयएक्स आणि एक्सआय यांतला फरक पुन्हा सांगावा लागत नाही.

९९ साठी मुलं हमखास ‘आयसी’ लिहितात. बरोबर आहे ‘एक्ससीआयएक्स’: आधी नव्वद, मग नऊ. जुन्या घड्याळांवर मात्र चारसाठी चार उभ्या रेघा सापडतात, तेही दाखवावं.

आणि तिथंच थांबू नये. जुन्नरजवळ नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेखात यज्ञाच्या दक्षिणेतल्या गायी, घोडे, नाणी यांचे आकडे आहेत. तिथंही दहा, शंभर, हजार यांची चिन्हं वेगळी. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. शून्यासह आकडेमोडीचे नियम ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये लिहिले, आणि फिबोनाचीने १२०२ मध्ये हे भारतीय अंक युरोपातल्या व्यापाऱ्यांना समजावून दिले. मुलांना ४८ गुणिले २७ रोमन आकड्यांत करायला सांगा. आपल्या एकक-दशकाची किंमत त्यांना वहीवरच कळेल.

शिक्षकांना माझी विनंती आहे: परीक्षेत ‘रूपांतर करा’ म्हणून दहा सुटे आकडे देऊ नका. एखाद्या खऱ्या इमारतीवरचं साल द्या, आणि ते कसं काढलं हे लिहायला सांगा. गुण त्या लिहिण्याला द्या.